विटाळ मानलेला खेळाडू राज्यपाल होतो



जात ही आपल्याच देशातली पैदास, याबद्दल वाद नाही. पण एका माणसाच्या अंगाला हात लावायला दुसऱ्या माणसाने नकार द्यावा, हा प्रकार जगाच्या पाठीवर इतरत्रही घडला आहे. आज अशाच एका माणसाची हकिकत सांगणार आहे. तो ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल खेळाडू होता. नाव डग्लस निकोल्स. सगळे त्याला डग म्हणत. ऑस्ट्रेलियात हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाच्या कानावर आलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खेळाविषयी दोन शब्द. हा फुटबॉल म्हणजे आपली मुले खेळतात तो नव्हे. याचा चेंडू अंड्यासारखा लांबट असतो आणि मैदान क्रिकेटचे, लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू लाथेने उडवता येतो, उंच उडी मारून झेलता येतो, मुठीने ठोसून आपल्या माणसाकडे देता येतो, पण फेकता येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. १८५९ साली मेलबर्न शहरातल्या एका क्लबाने या खेळाचे नियम लिहून काढले. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. तिलाच १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणतात. मेलबर्नच्या एकेका उपनगराचा एकेक क्लब, आणि त्या क्लबासाठी जीव टाकणारे तिथले कामगार. आपल्या गिरणगावात कबड्डीच्या संघांवर लोक जसे प्रेम करीत, तसेच हे.

डगचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला, न्यू साउथ वेल्स प्रांतात, मरे नदीच्या काठी, कमेरागंजा या वसाहतीत. तो योर्टा योर्टा या मूळनिवासी समाजाचा. १७८८ साली इंग्रजांची जहाजे तिथे लागली तेव्हापासून मूळनिवासींच्या हातून जमीन जात राहिली. उरलेल्यांना सरकारने राखीव वसाहतींत ठेवले. कमेरागंजाच्या लोकांनी घाम गाळून तिथली जमीन पिकाखाली आणली होती. तीही सरकारी मंडळाने पुढे त्यांच्याकडून काढून घेतली. वसाहतीवर गोरा व्यवस्थापक. शिधा त्याच्या हातात, ये-जा त्याच्या परवानगीने. गावकुसाबाहेरचे जिणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

वसाहतीच्या शाळेत शिक्षण फक्त तिसरीच्या दर्जाचे. पण त्या शाळेला एक भला शिक्षक लाभला होता, आणि आपण त्याची ओळख करून घ्यायलाच हवी, कारण तो भारतीय वंशाचा होता. त्याचे नाव थॉमस शाड्रॅक जेम्स. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने मूळनिवासी मुलीशी लग्न केले आणि चाळीस-एक वर्षे या लोकांच्या मुलांना शिकवले. सरकारला तिसरीपुरती माणसे हवी होती. जेम्स मास्तरांनी मात्र त्यांना अर्ज लिहायला, सभेत उभे राहून बोलायला शिकवले. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी चळवळीचे कितीतरी पुढारी याच एका शाळेतून निघाले. आपल्याकडेही पहिल्या पिढीच्या मागे असाच एखादा मास्तर असतो, नाही का?

डग आठ वर्षांचा असताना वसाहतीत पोलीस आले आणि त्याची सोळा वर्षांची बहीण हिल्डा हिला घेऊन गेले. तिचा गुन्हा काही नव्हता. मूळनिवासी मुलींना आईबापांपासून तोडून गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम शिकवायचे, असे सरकारचे धोरण होते. कूटामंड्रा येथील मुलींच्या सरकारी गृहात तिची रवानगी झाली. हे डगने आपल्या डोळ्यांनी पाहिले. तेराव्या वर्षी तो कामाला लागला. मेंढ्यांची लोकर कातरताना कात्री लागून मेंढीला जखम झाली की तिच्यावर डांबर लावायचे, हे त्याचे काम. डांबर लावणारा पोऱ्या!

अंगाने तो लहानखुरा, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. पण पाय असे की पळू लागला की भल्याभल्यांना सापडायचा नाही. आसपासच्या गावांच्या सामन्यांत त्याचे नाव झाले आणि १९२७ साली तो मेलबर्नला गेला. कार्लटन या नामांकित क्लबाने त्याला सरावाला घेतले. सहा आठवडे तो तिथे राबला. खेळात कमी नव्हता. पण सरावानंतर खेळाडूंच्या अंगाला तेल चोळून मालीश करण्यासाठी क्लबाची माणसे असतात, त्यांनी या काळ्या मुलाच्या अंगाला हात लावायला नकार दिला. त्याच्या अंगाला वास येतो, अशी कुरबूर सुरू झाली. डगला क्लबातून जावे लागले.

१९२७ हे साल वाचून तुमच्या मनात काय आले असेल ते मला ठाऊक आहे. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जनावराने तोंड लावलेले पाणी चालते, पण माणसाने ओंजळ भरली की तळे बाटते, हा इथला न्याय. मेंढीच्या अंगाला मूळनिवासी पोराचा हात चालतो, पण त्याच्या अंगाला गोऱ्याचा हात लागता कामा नये, हा तिथला न्याय. महाडला हजारो माणसे एकत्र आली होती. कार्लटनच्या त्या खोलीत मात्र वीस वर्षांचा एकटा मुलगा होता.

खेळाच्या मैदानावर आपणही हे सोसले आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे आपल्या काळातले नावाजलेले फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्याला खेळत असताना त्यांना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू चालत होता, त्यांच्या हातचा कप चालत नव्हता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गुण वापरून घ्यायचे आणि माणूस दूर ठेवायचा, ही रीत मेलबर्नची आणि पुण्याची एकच.

कार्लटनहून निघालेला डग नॉर्थकोटच्या क्लबात गेला. हा क्लब मोठ्या लीगमधला नव्हता, दुसऱ्या संघटनेचा होता. तिथे त्याने पाय रोवले. १९२९ साली नॉर्थकोटने अजिंक्यपद मिळवले, त्या संघात डग होता. उन्हाळ्यात तो पैसे लावलेल्या धावण्याच्या शर्यती पळायचा आणि जिंकायचा. १९३१ मध्ये गावोगाव फिरणाऱ्या जिमी शार्मनच्या तंबूत त्याने मुष्टियुद्धही केले. पोटासाठी जे अंगात होते ते सगळे त्याने विकले, पण कुणापुढे लाचारी केली नाही.

१९३२ मध्ये फिट्झरॉय या मोठ्या लीगमधल्या क्लबाने त्याला बोलावले. याच क्लबाकडून १९०४ साली जो जॉन्सन हा खेळाडू उतरला होता. मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला मूळनिवासी म्हणून त्याची नोंद आहे. तरीही डगच्या मनात धाकधूक होती. पहिल्या दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात वेगळा जाऊन बसला. ज्याने एकदा चटका खाल्ला आहे तो आपणहून कोपरा धरतो, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा हेडन बंटन नावाचा गोरा खेळाडू उठला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. हा बंटन कोणी साधासुधा नव्हता. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक त्याने तीन वेळा मिळवले. त्याने भाषण केले नाही की पत्रक काढले नाही, नुसता शेजारी बसला. संघातला सर्वांत मोठा खेळाडू शेजारी बसला म्हटल्यावर इतरांची तोंडे आपोआप बंद झाली.

या प्रसंगावर आपण जरा थांबून विचार करू. सवर्ण मित्रांनी आपल्यासाठी काय करावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे एक उत्तर या प्रसंगात आहे. पण दुसरी बाजूही आहे. बंटन शेजारी येऊन बसला तो फिट्झरॉयमध्ये. कार्लटनमध्ये असा एकही निघाला नाही, म्हणून डगचे खेळणे थांबले. एखाद्याचे आयुष्य कोणाच्या भलेपणावर टांगून ठेवावे लागणे हाच मुळात अन्याय आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी दयेची भीक मागितली नाही, हक्क मागितला आणि तो कायद्यात लिहून घेतला.

फिट्झरॉयकडून डग १९३७ पर्यंत ५४ सामने खेळला. मैदानाच्या कडेने वाऱ्यासारखा पळणारा हा खेळाडू १९३५ साली व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात निवडला गेला. त्या संघात निवड झालेला तो पहिला मूळनिवासी. १९३९ मध्ये गुडघ्याच्या दुखापतींमुळे त्याचा खेळ संपला.

इथपर्यंतची गोष्ट एका गुणी खेळाडूची झाली. नाव मिळाले, टाळ्या मिळाल्या. आता निवांत बसून जुन्या आठवणी सांगत आयुष्य काढता आले असते. पण डग निकोल्स यांचे खरे आयुष्य पुढेच सुरू होते.

त्यांच्या नात्यातले एक वडीलधारे होते, विल्यम कूपर. जेम्स मास्तरांकडेच अक्षर शिकलेले. उतारवयात ते मेलबर्नला येऊन राहिले आणि मूळनिवासींची संघटना त्यांनी उभी केली. आम्हाला संसदेत आमचा प्रतिनिधी द्या, असा अर्ज त्यांनी इंग्लंडच्या राजाच्या नावाने लिहिला आणि गावोगाव फिरून १,८१४ सह्या व अंगठे गोळा केले. सरकारने तो अर्ज राजाकडे पाठवलाच नाही. कारकुनी करून ज्याचे केस पांढरे व्हायला आले आहेत अशा माझ्यासारख्याला याचा अर्थ बरोबर समजतो. अर्ज नामंजूर केला तर निदान उत्तर द्यावे लागते. अर्ज पुढे पाठवायचाच नाही म्हणजे माणसे अस्तित्वातच नाहीत असे धरून चालायचे.

२६ जानेवारी १९३८ रोजी गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली म्हणून सिडनीत मिरवणुका निघाल्या. त्याच दिवशी मूळनिवासींनी शोकदिन पाळला. सभेसाठी जे सभागृह मिळाले तिथे त्यांना मागच्या दाराने आत जावे लागले. कूपर यांच्याबरोबर डग निकोल्स त्या सभेला हजर होते आणि बोललेही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, व्यवस्थापकाचा जाच आणि अपुरा शिधा यांना कंटाळून कमेरागंजाची दीडशेहून अधिक माणसे वसाहत सोडून मरे नदीपलीकडे निघून गेली. मेलबर्नमधून त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत निकोल्स होते. १९४१ मध्ये कूपर वारले आणि कामाचा भार या पिढीवर आला.

दरम्यान, आईच्या निधनानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. पुढे ते फिट्झरॉयमधल्या मूळनिवासींच्या चर्चचे धर्मोपदेशक झाले. आपला मार्ग बुद्धाचा, विवेकाचा. त्यांचा मार्ग वेगळा. पण धर्म माणसाच्या उपयोगी पडला पाहिजे ही कसोटी लावली तर निकोल्स तिला उतरतात. महायुद्धात ते सैन्यात भरती झाले होते. फिट्झरॉयच्या गरीब वस्तीत मूळनिवासींचे हाल होत होते, दारू आणि मारामाऱ्या वाढल्या होत्या. तिथल्या पोलिसांनीच, हा माणूस आम्हाला वस्तीत हवा, अशी मागणी केली, आणि १९४२ मध्ये त्यांना सैन्यातून मोकळे करण्यात आले.

त्याच वर्षी त्यांचे भाऊ हॉवर्ड वारले. भावाची विधवा ग्लॅडिस यांच्याशी डगनी लग्न केले आणि भावाची मुले आपली मानून वाढवली. ग्लॅडिस यांचे वडील भारतीय वंशाचे, आडनाव बक्स. भगिनींनी या बाईंकडे विशेष लक्ष द्यावे. खेड्यातून शहरात कामाला किंवा शिकायला आलेल्या मूळनिवासी मुलींना राहायला जागा मिळत नसे. ग्लॅडिसबाईंनी वर्गण्या जमवल्या, जुने कपडे विकून पैसा उभा केला आणि नॉर्थकोटमध्ये मुलींचे वसतिगृह चालवले. वसतिगृहाचे मोल आपल्या समाजाला ठाऊक आहे. आपल्यातले किती साहेब, किती प्राध्यापक वसतिगृहाच्या ताटावर वाढले! डग यांच्या नावापुढे पुढे जे किताब लागले त्यात अर्धा वाटा या बाईंचा आहे.

१९५७ साली निकोल्स पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॉरबर्टन डोंगराळ भागात गेले. तिथल्या वाळवंटात मूळनिवासींची उपासमार चालली होती. विल्यम ग्रेडन या आमदाराबरोबर तिथे चित्रफीत घेण्यात आली आणि ती मेलबर्नच्या सभांतून दाखवण्यात आली. हाडांचा सापळा झालेली मुले पाहून शहरातले लोक हादरले. त्याच वर्षी व्हिक्टोरियात मूळनिवासी उन्नती संघ स्थापन झाला आणि निकोल्स त्याचे कार्यकर्ते म्हणून गावोगाव फिरू लागले. लेक टायर्स ही वसाहत मोडून तिथली माणसे पांगवण्याचा सरकारचा बेत होता. त्याविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली. अखेर १९७० च्या कायद्याने लेक टायर्सची जमीन तिथल्या रहिवाशांच्या मालकीची झाली. १९६७ च्या सार्वमतात राज्यघटनेतली मूळनिवासींना वगळणारी कलमे बदलायला ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. त्यामागे अशा असंख्य सभांची मेहनत होती.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती लपवण्याचे कारण नाही. १९७० च्या आसपास तरुण मूळनिवासी कार्यकर्ते जहाल भाषा बोलू लागले. निकोल्स फार मवाळ आहेत, गोऱ्यांच्या सभ्यपणावर फार विसंबतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले मूळनिवासी. काहींना त्याचा अभिमान वाटला, काहींना ते राणीचे बक्षीस वाटले. आपल्या चळवळीतही असे वाद झाले, होतात. माझ्या मते तरुणांचा राग खरा होता आणि म्हाताऱ्याची अनेक वर्षांची पायपीटही खरी होती. ज्या चळवळीत एकच सूर निघतो ती चळवळ फार दिवस टिकत नाही.

१ डिसेंबर १९७६ रोजी सर डग्लस निकोल्स दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. ज्याच्या अंगाला हात लावायला मालीशवाले तयार नव्हते, त्याच्याशी हस्तांदोलन करायला आता मंत्री रांगेत उभे राहिले! दुर्दैवाने प्रकृती बिघडली आणि १९७७ च्या एप्रिलअखेर त्यांना पद सोडावे लागले. १९८१ मध्ये ग्लॅडिस गेल्या. ४ जून १९८८ रोजी निकोल्स वारले. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला आणि त्यांचा देह कमेरागंजाच्या मातीत ठेवण्यात आला. मेलबर्नमध्ये संसदेजवळच्या बागेत पती-पत्नींचा पुतळा आहे. २०१६ पासून फुटबॉल लीगमध्ये दरवर्षी सामन्यांची एक फेरी त्यांच्या नावाने खेळली जाते.

मग सगळे ठीक झाले का? नाही. अॅडम गुड्स हा मूळनिवासी खेळाडू २००३ आणि २००६ मध्ये ब्राउनलो पदकाचा मानकरी, २०१४ चा ऑस्ट्रेलियातला मानाचा नागरिक. वर्णद्वेषाविरुद्ध तो बोलला म्हणून प्रेक्षक त्याची सामन्यामागून सामन्यात हुर्यो उडवीत राहिले. २०१५ मध्ये त्याने खेळ सोडला. लीगने माफी मागितली ती २०१९ मध्ये. संसदेला सल्ला देणारे मूळनिवासींचे मंडळ घटनेत असावे, हा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला. पुतळे उभारणे सोपे असते.

बंधू-भगिनींनो, एवढी लांबची हकिकत सांगण्यामागे माझा हेतू साधा आहे. आज आपल्या वस्त्यांतून मुले-मुली पुढे जात आहेत. कोणी कबड्डीत, कोणी क्रिकेटमध्ये, कोणी बँकेत, कोणी परदेशात. त्यांना पाहून ऊर भरून येतो. पण नोकरी लागली, फ्लॅट झाला की कित्येकांची विहाराकडची वाट बंद होते, आडनाव सांगताना आवाज खाली जातो. शिकलेली माणसे समाजाला विसरतात, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती. निकोल्स यांना कोपऱ्यातून उठून मधल्या बाकावर जागा मिळाली, तेव्हा त्यांनी कोपऱ्यात राहिलेल्यांकडे पाठ फिरवली नाही. तिसरीच्या दर्जाचे शिक्षण मिळालेल्या माणसाने हे केले. आपण तर पदव्या घेऊन बसलो आहोत.

येत्या रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी. आणि वस्तीत परगावाहून शिकायला आलेले एखादे पोर एकटे राहत असेल, तर त्याच्याकडे जाऊन त्याची चौकशी करावी. निदान त्याच्या शेजारी बसावे.

जयभीम! नमो बुद्धाय!